गाडीचा अर्थ

ओकरिज गाव मागे पडलं, चढ लागला आणि गाडी पुन्हा तेच करायला लागली. आधी एक बारीक आचका, मागून कुणी खांद्याला हात लावावा तसा. मग दुसरा. मग ओळीने पाच-सहा बसले आणि ओट्याच्या कप्प्यातले चमचे खणखणायला लागले. दादाने एक्सिलेटरवरचा पाय काढला, परत दिला. गाडी शे-दोनशे मीटर शहाण्यासारखी चालली आणि पुन्हा आचके. आरशात काळसर धूर दिसत होता. त्या धुराच्याही मागे ओंडक्यांनी भरलेला एक ट्रक होता आणि त्याच्या चालकाने अजून हॉर्न वाजवला नव्हता, याचंच मला जास्त दडपण आलं.

ऑरेगन राज्यातला ५८ नंबरचा हा हायवे युजीन शहराजवळून निघून कॅस्केड डोंगररांग ओलांडतो. विलामेट पास ही त्यावरची खिंड १,५६३ मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून उंच. दादाची गाडी १९८७ची फोक्सवॅगन व्हॅनागन. वर वेस्टफालियाचं उघडणारं छप्पर, आत दोन बर्नरची शेगडी, बेसिन, फ्रिज आणि रात्री उलगडून झोपायचा बाक. एवढा संसार ओढायला मागे २.१ लिटरचं इंजिन आणि नव्वदीच्या आसपास अश्वशक्ती. ती चढावर कधीच धावत नाही, पण चालते. त्या दिवशी तेही जमेना.

"ऑक्सिजन सेन्सर," दादा म्हणाला. "परत."

'परत' या शब्दावर वहिनींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं भाषांतर करायची गरज नव्हती. आदल्या वर्षभरात त्या गाडीला दोन ऑक्सिजन सेन्सर घालून झाले होते. सेन्सर आणि मजुरी मिळून चारशे डॉलरच्या वर गेले होते.

*

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजच्या मागच्या खोलीत झाला नाही, एवढंच. बाकी सगळं बालपण तिथेच गेलं. आप्पांचं गॅरेज तीन गाड्यांपुरतं. तिथे निदान कानाने व्हायचं. लाकडाच्या दांडक्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून आप्पा डोळे मिटायचे आणि कुठला टॅपेट बोलतोय ते सांगायचे. प्लग काढला की आधी उजेडात धरायचा. टोक विटकरी असलं तर गाडी सुखी. पांढरं असलं तर पेट्रोल कमी मिळतंय, काळं असलं तर जास्त. मिश्रणाला त्यांचा शब्द रश्श्याचा: पातळ झालंय, दाट झालंय. कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा पाव फेरा फिरवला की रस्सा जमायचा.

२०००च्या सुमाराला मारुती ८००मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि आप्पांच्या हातातला स्क्रू गेला. त्यानंतर गॅरेजमध्ये एक नवं वाक्य रुळलं, 'सेन्सर गेला असंल.' गाडी मिसिंग मारते, सेन्सर गेला. पिकअप नाही, सेन्सर गेला. पूर्वी गावात काही बिनसलं की बाहेरची बाधा म्हणायचे, त्यातला हा प्रकार. आप्पा स्वतः मात्र हे वाक्य क्वचितच म्हणायचे. त्यांना सेन्सर कळत होते म्हणून नव्हे. न दिसणाऱ्या गोष्टीवर आळ घेणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

दादाच्या गाडीची पंचाईत अशी की ती दोन जमान्यांच्या मधली आहे. कार्ब्युरेटर नाही, त्यामुळे फिरवायला स्क्रू नाही. आणि आजच्या गाडीसारखा स्कॅनर लावून कोड वाचावा, तर तीही सोय नाही. सगळ्या गाड्यांना एकाच आकाराचं कपलर आणि एकाच भाषेतले कोड देणारी ओबीडी-२ ही पद्धत अमेरिकेत १९९६च्या गाड्यांपासून सक्तीची झाली. व्हॅनागनची तिथली विक्री १९९१च्या मॉडेलबरोबर संपली. म्हणजे आत कॉम्प्युटर आहे, तो निर्णय घेतो, पण काय दुखतंय ते बोलून दाखवत नाही. घरात असा एखादा काका असतोच.

या कॉम्प्युटरच्या पद्धतीचं नाव डिजिफँट. त्याचे खबरे मोजकेच आहेत आणि एकदा ओळख झाली की लक्षात राहतात. हवा आत जाते तिथे ॲल्युमिनियमचा डबा, त्यात स्प्रिंगवर झुलणारी एक झडप. हवा जितकी जास्त, तितकी झडप उघडते आणि तिच्या दांडीला लावलेला स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर सरकतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात सरकतो तसा. त्याच डब्यात आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणारा एक सेन्सर. इंजिनाच्या पाण्यात दुसरा, त्याला व्हॅनागनवाले 'टेम्प टू' म्हणतात. डिस्ट्रिब्युटरमध्ये इंजिन किती फिरतंय ते मोजणारा हॉल सेन्सर. थ्रॉटलवर एक स्विच, तो फक्त पाय पूर्ण उचललाय की पूर्ण दाबलाय एवढंच सांगतो. आणि सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर.

हा शेवटचा सगळ्यांत तालेवार. बॉश कंपनीने तो १९७६ मध्ये अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्व्हो गाड्यांसाठी पहिल्यांदा बाजारात आणला. बाकीचे खबरे स्वयंपाकाआधी शिधा मोजतात, हा जेवून उठलेल्या पंगतीला विचारतो. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, त्यावरून तो स्वतः वीज तयार करतो. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे मिश्रण पातळ असेल, तर ०.१ व्होल्ट. उरला नसेल, म्हणजे दाट असेल, तर ०.९च्या आसपास. मधली रेघ साधारण ०.४५. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या अलीकडे-पलीकडे तो सतत हेलकावत राहतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. भट्टीसारखा तापल्याशिवाय, निदान तीनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय तो तोंड उघडत नाही.

सगळा खेळ एका व्होल्टच्या आतला. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण त्याचा अर्थ पुढे लागायचा होता.

*

निघण्याआधी आम्ही युजीनमध्ये एका निवृत्त मिस्त्रींकडे दुपारभर बसलो होतो. वय सत्तरीच्या पुढे. या गाड्यांवर हयात गेलेली. त्यांनी दादाला एक क्रम घालून दिला. आधी बॅटरीची टोकं आणि अर्थिंग. मग हवेची गळती, कारण झडपेच्या पुढच्या रबरी नळीला चीर असेल तर तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. मग पेट्रोलचा दाब. सेन्सर सगळ्यांत शेवटी. "लोक उलटं करतात," ते म्हणाले, "कारण सेन्सर विकत मिळतो." त्यांनी आम्हाला काट्याचा एक जुना मीटर उसना दिला. हवेच्या डब्यातली झडप बोटाने हळूहळू उघडताना काटा सरसर चढला पाहिजे. मध्येच दचकला, तर कार्बनच्या पट्टीवर त्या जागी खड्डा पडलाय. आकडे दाखवणाऱ्या मीटरवर हा दचका निसटतो, काट्यावर डोळ्याला दिसतो.

हा डबा व्हॅनागनवाल्यांच्या जगात बदनाम आहे. तासभर एकाच वेगाने गाडी हाकली की स्पर्शक पट्टीच्या एकाच जागेवर थरथरत राहतो, त्याचा संदेश खरखरीत होतो आणि गाडी आचके देते. पाय उचलला की बरी, पुन्हा दिला की तेच. या दुखण्याला गाडीच्याच नावाचा 'सिंड्रोम' चिकटलाय. पुढे कंपनीने डबा आणि कपलर यांच्यामध्ये बसवायची, कपॅसिटर असलेली एक छोटी जोडवायर दिली. जुने लोक डब्याचं झाकण उघडून आतली पट्टी केसभर सरकवतात, म्हणजे स्पर्शक न झिजलेल्या वाटेवरून चालतो. आमची लक्षणं इतकी तंतोतंत जुळत होती की आम्ही तीनदा काटा पाहिला. तो तिन्ही वेळा लोण्यातून सुरी जावी तसा चढला.

अर्थिंगही तपासलं होतं. मीटरचा बझर लावून. बझर वाजला होता.

*

खिंडीजवळ गाडी बाजूला घेतली. व्हॅनागनचं इंजिन बघायचं म्हणजे मागची गादी उचलायची, तिच्यावरच्या चादरी, उशा, वहिनींचा थेपल्यांचा डबा हलवायचा आणि मग खालचं झाकण काढायचं. ऑईलची पट्टी तेवढी वेगळी, नंबर प्लेट खाली पाडली की तिच्यामागे. दादाने ऑक्सिजन सेन्सरचं कपलर ओढून काढलं. सेन्सर गप्प झाला की कॉम्प्युटर त्याचं ऐकायचं सोडतो आणि स्वतःच्या ठरलेल्या तक्त्यावर पेट्रोल देतो. गाडी सुरू केली. बऱ्यापैकी सुतासारखी चालली. त्या संध्याकाळी आम्ही तशाच बहिऱ्या गाडीने डायमंड लेकच्या काठावर तंबूवाल्यांच्या गर्दीत पोहोचलो.

म्हणजे सेन्सरच खराब, नाही का? काढला की गाडी बरी, लावला की आजारी. याच तर्काने आधीच्या गॅरेजने दोन बदलले होते. मलाही त्यात खोट दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने ठरवलं की टेम्प टूवरचा संशय तरी मिटवू. या गाडीत पाण्याचं तापमान सांगणारे दोन वेगळे सेन्सर आहेत. एक ड्रायव्हरसमोरच्या काट्यासाठी, दुसरा कॉम्प्युटरसाठी. काटा बरोबर मधोमध उभा असतानाही कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटत असू शकतं, आणि थंड इंजिनाला तो दाट मिश्रण देतो. काळा धूर, पेट्रोलचा वास, सगळं जमतं. तपासायची रीत घरगुती. सेन्सर बाहेर काढायचा, पाण्यात धरायचा, पाणी तापवायचं आणि मीटरवर रोध बघायचा. वीस अंशांना दोन ते तीन हजार ओहम, ऐंशीला तीनशेच्या आसपास. मधली घसरण गुळगुळीत हवी.

"माझ्या चहाच्या भांड्यात नाही," वहिनी म्हणाल्या.

बरोबर होतं त्यांचं. सेन्सरला लागलेलं इंजिनाचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यातलं कूलंट विषारी असतं. शेवटी घेवड्याचा एक रिकामा पत्र्याचा डबा मिळाला. वहिनींनी थर्मामीटर धरला, दादाने सेन्सर, मी आकडे लिहिले. चोवीस अंशांना २,२००. पन्नासला ८४०. ऐंशीला ३१५. त्या उंचीवर पाणी पंचाण्णवच्या सुमारालाच उकळतं, त्यामुळे पुढे जाता आलं नाही. गरजही नव्हती. सेन्सर ठणठणीत होता.

आता आमच्याकडे निर्दोष सुटलेल्या संशयितांची यादी होती आणि गुन्हा तसाच होता.

*

तळ्याकाठच्या लॉजच्या पायरीवर मोबाईलला जेमतेम दोन दांड्या यायच्या. रात्री साडेआठला, कोल्हापुरात सकाळचे नऊ वाजले असताना, आप्पांना व्हिडिओ लावला. त्यांची आंघोळ झाली होती, कपाळाला गंध होतं. दादाने सगळी हकिगत इंग्रजी शब्दांनी भरून सांगितली. आप्पांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "प्लग काढलास का?"

काढला नव्हता. प्लग काढायची कुणालाच आठवण झाली नव्हती.

दादा टॉर्च घेऊन गेला आणि वीस मिनिटांनी एक प्लग घेऊन आला. इंजिन दिवसभर निवलं होतं तरी त्याची बोटं पोळली, किंवा त्याने तसं केलं. पायरीवर मोबाईलसमोर प्लग धरला. ऑरेगनच्या त्या अर्धवट उजेडातही दिसत होतं. टोकावर काजळी, मखमलीसारखी, बोटाला लागणारी.

"दाट," आप्पा म्हणाले. "लई दाट. आनि तुझा तो सेन्सर काय म्हनतोय?"

आधीच्या गॅरेजने कॉम्प्युटरच्या तोंडाशी घेतलेल्या नोंदी दादाकडे होत्या. त्यात सेन्सरचा आकडा ०.४५च्या अलीकडे-पलीकडे हेलकावत होता. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते रस्सा अगदी जमलेला. ना पातळ, ना दाट.

"मग दोघातला एक खोटं बोलतोय," आप्पा म्हणाले. "प्लग काय बोलतच न्हाई, तो खोटं कसं बोलंल? अर्थ बघितलास का?"

"बघितला आप्पा. बझर वाजतोय."

आप्पा हसले. तोंडात पान नसतानाही त्यांना पान असल्यासारखं हसता येतं. "बझर वाजायला एक तार पुरती रं. इंजान चालू ठिऊन बघ. करंट जाताना बघ."

आपल्याकडे गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात तो इंग्रजी शब्द. बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या लोखंडाला जोडलेलं असतं आणि प्रत्येक वीज त्या लोखंडातून घरी परतते. जर्मन गाड्यांत ही परतीची वायर तपकिरी. व्होल्ट हा आकडा कधी एकटा नसतो, कशाच्या तरी तुलनेत असतो. ऑक्सिजन सेन्सरची तुलना इंजिनाच्या लोखंडाशी, कारण तो त्यातच आटे घालून बसलाय. कॉम्प्युटरची तुलना त्याच्या तपकिरी वायरीशी. दोन्ही एकच मानायचे, असा करार आहे. पण त्या वायरीच्या टोकाशी गंज असेल तर? पेट्रोलची इंजेक्टरं उघडायला लागणारा करंट कॉम्प्युटरमार्फत त्याच वायरीने परततो. चढावर इंजेक्टरं जास्त वेळ उघडी, म्हणजे करंट जास्त. गंजलेल्या सांध्यातून तो करंट रेटताना वायरीचं कॉम्प्युटरकडचं टोक लोखंडापेक्षा थोडं वर उचललं जातं. पॉइंट तीन, पॉइंट चार व्होल्ट. हेडलाइटला हा फरक कळणारही नाही. पण ज्याचं सगळं आयुष्य एका व्होल्टच्या आत आहे, त्याचं बोलणं निम्मं होतं.

हे सगळं त्या रात्री पायरीवर बसून आम्हाला समजलं, असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे दादाला समजलं, आणि मला सकाळी, मीटरवर आकडा पाहिल्यावर.

*

सकाळी गाडी अर्धा तास फिरवून तापवली, सेन्सरचं कपलर परत जोडलं आणि इंजिन चालू ठेवलं. आता आकड्यांचा मीटर, कारण काट्याचा जुना मीटर सेन्सरची क्षीण वीज स्वतःच पिऊन टाकतो. वहिनींच्या शिवणाच्या डबीतली टाचणी कपलरच्या मागून सेन्सरच्या वायरीशी टेकवली. मीटरची लाल तार टाचणीला. काळी तार आधी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. दादाने मला रेस धरायला लावली.

०.८४.

मग काळी तार उचलून कॉम्प्युटरकडून येणाऱ्या तपकिरी वायरीच्या तांब्यात टोचली. बाकी काही हललं नव्हतं. तोच सेन्सर, तोच धूर, तीच रेस.

०.४६.

दादा 'हां' म्हणाला, पोटातून आलेला. मी पाय काढला आणि वाकून पाहिलं. सेन्सर सगळा वेळ ओरडून सांगत होता की पेट्रोल जास्त होतंय. कॉम्प्युटरला ते 'ठीक आहे' असं ऐकू येत होतं. जरा पातळ झालं की तो आणखी पेट्रोल द्यायचा, काजळी जमायची, गाडी गुदमरायची आणि आळ सेन्सरवर यायचा. सेन्सर नवा घातला की तोही तेच ओरडायचा. आणि काढून टाकला की गाडी बरी व्हायची, कारण चुकीचं ऐकणं बंद व्हायचं.

तपकिरी वायरींचा जुडगा इंजिनावरच्या एका बोल्टखाली थिंबलने आवळलेला होता. वरून बघताना शिसवी काळा, नीट. बोल्ट सोडून थिंबल वाकवली तेव्हा वायरीचं वरचं प्लास्टिक मागे सरलं आणि आत हिरवी भुकटी दिसली, जुन्या देवाच्या तांब्याच्या भांड्यांवर साचते तशी. तारांचा पीळ जवळजवळ सगळा तुटलेला. शाबूत अशा चार-पाच बारीक तारा. त्या थंड असताना कसंबसं निभावत, तापल्या की रोध वाढे. म्हणून गाडी सकाळी शहाणी असायची आणि तासाभराने बिघडायची, थांबून निवली की पुन्हा शहाणी. यात कुणाचा दोष काढायचा? जवळजवळ चाळीस वर्षांचा पाऊस आणि उष्णता त्या सांध्यावर पडलेली. आणि बझर वाजला म्हणून समाधान मानलेले आम्ही.

वायर चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापली, दादाच्या सुट्या भागांच्या डब्यातली नवी थिंबल पक्कडीने दाबून बसवली, बोल्टखालची जागा पॉलिशपेपरने चकचकीत केली, वर वहिनींच्या व्हॅसलीनचा हात. पाऊण तासाचं काम. परत मोजलं तेव्हा दोन्ही आकड्यांत शंभराव्या भागाचा फरक उरला होता आणि ते दोन्ही खाली येऊन ०.२ ते ०.७ च्या मध्ये हेलकावे घेत होते.

त्या दुपारी उत्तरेच्या फाटकातून क्रेटर लेकला चढलो. कड्यावरचा रस्ता दोन हजार मीटरच्या वर जातो आणि खाली ५९४ मीटर खोल तळं, अमेरिकेतलं सगळ्यांत खोल. निळं किती निळं असतं ते लिहायला मी बसले नाही. मी चमचे ऐकत होते. ते वाजले नाहीत.

महिनाभराने कोल्हापूरला आले तेव्हा ती जुनी थिंबल कागदात गुंडाळून पर्समध्ये आणली होती. आप्पांनी ती चष्म्याजवळ नेली, अंगठ्याच्या नखाने हिरवं खरवडलं, बोटात वाकवली. उरलेल्या तारांपैकी दोन तुटून धोतरावर पडल्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत. बराच वेळ बघत राहिले आणि मग मान वर करून म्हणाले,

"आनि ते जुनं काढल्यालं दोन सेन्सर? ते आनलं न्हाईस? चांगलं हुतं की ते."